सिबिल दुरुस्तीची मोफत सेवा आणि पैसे घेणारे एजंट: नागपूरकरांसाठी परीक्षण

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. क्रेडिट रिपोर्टमधली, म्हणजे तुमच्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदींच्या अहवालातली, चूक दुरुस्त करून घेण्याची अधिकृत सेवा मोफत आहे, ती चालते, आणि एप्रिल २०२४ पासून तिच्यात उशिराबद्दल भरपाईही मिळते. त्यासाठी कुणा एजंटला एक रुपयाही देऊ नका. मात्र ब्युरोच्या, म्हणजे हा रिपोर्ट तयार करणाऱ्या कंपनीच्या, वेबसाइटवर तक्रार टाकली आणि वाट बघत बसलात, तर काम तिथेच अडकण्याची शक्यता मोठी. सिबिल काय आणि बाकीच्या कंपन्या काय, या व्यवहारात त्या पोस्टमन आहेत. नोंद पाठवलेली असते बँकेने किंवा फायनान्स कंपनीने. तिने होकार दिल्याशिवाय ब्युरोला त्या नोंदीतला एक आकडाही बदलता येत नाही. म्हणून तक्रार एकाच दिवशी दोन ठिकाणी गेली पाहिजे. या परीक्षणातले हे सर्वात कामाचे वाक्य आहे.

रिपोर्ट मिळवणे: पाचपैकी चार

आपल्याकडे ‘सिबिल’ हा शब्द स्कोअरसाठी, म्हणजे या नोंदींवरून काढलेल्या गुणांसाठीच वापरतात, पण ब्युरो चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. चौघांनाही २००५ चा क्रेडिट माहिती कंपन्यांचा कायदा लागू आहे आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने जानेवारी २०१७ पासून प्रत्येकाला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. म्हणजे जानेवारी ते डिसेंबर या काळात चार रिपोर्ट फुकट. पॅन, जन्मतारीख, मोबाइल आणि ओटीपी एवढ्यावर काम होते. मध्येच महिन्याच्या किंवा वर्षाच्या पॅकेजचे पान समोर येते आणि मोफतचा पर्याय मुकाट्याने कोपऱ्यात बसलेला असतो. तो शोधून पुढे जायचे. एक गुण तिथेच कापला.

पेमेंट ॲपवर दिसणारा स्कोअर अंदाजापुरता ठीक आहे, दुरुस्तीसाठी नाही. तक्रारीला ब्युरोचा स्वतःचा पूर्ण रिपोर्ट लागतो, कारण त्यावर रिपोर्टचा क्रमांक असतो. सिबिलमध्ये त्याला कंट्रोल नंबर म्हणतात आणि प्रत्येक पत्रव्यवहारात तोच विचारला जातो. बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज घरात असेल तर हाय मार्क आणि इक्विफॅक्सचे रिपोर्ट आवर्जून बघा. त्या क्षेत्राच्या नोंदी या दोघांकडे बऱ्याच आधीपासून आहेत. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा पाहिला तरी स्कोअर कमी होत नाही. ही भीती लोकांच्या मनातून अजून जात नाही.

रिपोर्ट वाचणे

रिपोर्टवरचा मोठा आकडा सोडा, खात्यांच्या पानावर या. प्रत्येक कर्जाचा एक चौकोन असतो. त्यात कर्ज देणाऱ्याचे नाव, कर्जाचा प्रकार, खाते क्रमांक, मालकी, मंजूर रक्कम, सध्याची शिल्लक, थकीत रक्कम, कर्ज सुरू आणि बंद झाल्याच्या तारखा, शेवटच्या भरण्याची तारीख, आणि खाली महिन्यांची पट्टी. या पट्टीत गेल्या ३६ महिन्यांचे डीपीडी, म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा आला, ते दिसते. ‘०००’ किंवा ‘एसटीडी’ असेल तर चिंता नाही. ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहितीच बँकेने पाठवली नाही. ते थकीत नव्हे, उगाच घाबरू नका. ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ ही अक्षरे मात्र कर्ज बुडीतकडे गेल्याची खूण आहेत.

आता ज्या रकान्याकडे कुणी बघत नाही तो: ‘डेट रिपोर्टेड’. बँकेने ही माहिती शेवटची कधी पाठवली ती तारीख. फेडून झालेले दुचाकीचे कर्ज अजून चालू दिसत असेल आणि ही तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल, तर बँकेने तुमचे खाते फाइलमधून काढले, पण ‘बंद झाले’ ही शेवटची नोंद पाठवायची राहिली, असे समजा. संगणक प्रणाली बदलली, खाते क्रमांक बदलला किंवा बँकांचे विलीनीकरण झाले की हा प्रकार हमखास होतो. याउलट तारीख गेल्या पंधरवड्यातली असेल, तर बँकेच्या वहीतच अजून तुमच्या नावावर काहीतरी येणे आहे. पहिल्या प्रकारात नो ड्यूज, म्हणजे ‘काही बाकी नाही’ अशा पत्राची प्रत पुरते. दुसऱ्यात आधी कर्जाचा पूर्ण खाते उतारा मागवून नेमके काय बाकी आहे ते शोधावे लागते. ही एक तारीख बघितली तर पुढचे अर्धे हेलपाटे वाचतात.

मालकीचा रकानाही नीट बघा. ‘गॅरंटर’ लिहिले असेल तर ते कर्ज तुम्ही जामीन राहिलेल्या मित्राचे किंवा साळ्याचे आहे. त्याने हप्ता चुकवला की डाग तुमच्या पानावर. ही चूक नाही, आणि तक्रार करून निघत नाही.

आपल्या भागात नेहमी सापडणाऱ्या चुका

नावाची. ‘वासुदेव’ इंग्रजीत कुणी डब्ल्यूने लिहितो कुणी व्हीने, वानखेडेंचेही तेच. आधारवर एक, पॅनवर दुसरे, शोरूमच्या काउंटरवर घाईत टाइप केलेले तिसरे. एवढ्याने सहसा बिघडत नाही. बिघडते ते पॅनचे एखादे अक्षर चुकले की, किंवा नाव आणि जन्मतारीख दोन्ही सारखी असली की. गावाकडच्या शाळेत गुरुजींनी सरसकट १ जून किंवा १ जुलै जन्मतारीख लावलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत. आडनाव तेच, नाव तेच, तारीखही तीच, मग दोन वेगळ्या माणसांची कर्जे एकाच रिपोर्टमध्ये येऊन बसतात. पॅन तपासायची सोपी रीत: व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर ‘पी’ असते आणि पाचवे आडनावाचे पहिले अक्षर. ते जुळत नसेल तर टाइप करतानाच गडबड झाली आहे.

पीककर्जाची. काटोल, नरखेड, उमरेड, सावनेरकडच्या शेतकरी कुटुंबांतली मुले नागपुरात घर घ्यायला जातात आणि वडिलांसोबत सहकर्जदार लावताना कळते की कर्जमाफीत गेलेले पीककर्ज अजून थकीत, नाहीतर ‘सेटल्ड’, म्हणजे तडजोडीने मिटवलेले, दिसते आहे. २००८ ची केंद्राची, २०१७ आणि २०१९ च्या राज्याच्या, अशा कर्जमाफ्या झाल्या. माफीची रक्कम बँकेत जमा झाली तरी ब्युरोकडची नोंद आपोआप सुधारतेच असे नाही. कर्जमुक्तीचे प्रमाणपत्र किंवा बँकेचा बेबाकी दाखला शोधून ठेवा. दाखला नसेल तर शाखेतून आधी तो घ्या, तक्रार नंतर.

विलीनीकरणाची. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेली. अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन, सिंडिकेट, ओरिएंटल आणि युनायटेड या बँका १ एप्रिल २०२० ला इतरांत मिसळल्या. तेव्हाचे कर्ज एकदा जुन्या नावाने आणि एकदा नव्या नावाने, असे दोनदा दिसत असेल तर तक्रारीत ‘दुबार खाते’ हाच पर्याय निवडा. ‘हे खाते माझे नाही’ म्हणाल तर बँक तुमची सही काढून दाखवील आणि तक्रार फेटाळली जाईल.

क्रेडिट कार्डाची. कार्ड कापून फेकले म्हणजे बंद होत नाही. वार्षिक फी लागते, तिच्यावर व्याज चढते आणि काही शे रुपयांवरून खाते थकीत होते. बंद करण्याचा लेखी अर्ज दिला असेल आणि बाकी काही नसेल, तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे. त्यापुढे खाते बंद होईपर्यंत रोजचे ५०० रुपये ती तुम्हाला देणे लागते. अर्जाची तारीख दाखवता आली तर ही थकबाकी मुळातच चुकीची ठरते.

सीताबर्डीच्या दुकानांतून हप्त्यावर घेतलेला मोबाइल, फ्रिज, टीव्ही यांच्याबाबत सर्वात जास्त दिसते ती शेवटच्या बाऊन्स चार्जची भानगड. हप्ते सगळे गेले, पण मध्ये एकदा खात्यात पैसे नव्हते आणि त्याचा दंड राहून गेला. माणसाच्या हिशेबी कर्ज फिटले, कंपनीच्या हिशेबी चालू आहे. ब्युरोकडे तक्रार केली की कंपनी ‘माहिती बरोबर आहे’ असे उत्तर देते आणि कागदोपत्री ते खरे असते. इथे कंपनीशी थेट बोलून रक्कम भरा किंवा माफ करून घ्या, लेखी नो ड्यूज घ्या, मग नोंद बदलायला सांगा. फोनवरच्या ‘हो सर, झालं’ वर विसंबू नका.

पूर्णपणे अनोळखी कर्ज दिसले तर गोष्ट वेगळी. तुमच्या कागदांवर दुसऱ्याने कर्ज उचललेले असू शकते. १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, पोलीस ठाण्यातून तक्रारीची प्रत घ्या, आणि ती जोडूनच ब्युरो व कंपनीला लिहा.

ज्यांच्यामागे वेळ घालवू नये अशाही गोष्टी आहेत: जुना पत्ता, जुना मोबाइल नंबर, चार ब्युरोंचे चार वेगळे स्कोअर. प्रत्येकाचे गणित वेगळे असते, ती चूक नव्हे. एजंटने तुमची फाइल पाच ठिकाणी पाठवली आणि कर्ज देणाऱ्यांनी रिपोर्ट बघितल्याच्या पाच चौकश्या नोंदल्या गेल्या, तर अर्जावर तुमची संमती होती का ते आधी बघा. असेल तर त्या राहणार.

तक्रार: ब्युरोकडे आणि बँकेकडे, एकाच दिवशी

सिबिलमध्ये लॉगिन करून डिस्प्यूट सेंटरमध्ये जायचे, खाते निवडायचे, चुकीचा रकाना निवडून बरोबर माहिती भरायची. बाकी तिघांकडेही ऑनलाइन सोय आहे. एका खात्यात ‘हे माझे नाही’ आणि ‘रक्कम चुकीची आहे’ असे दोन्ही दावे करू नका. एकामुळे दुसरा खोटा पडतो. तक्रार नोंदली की त्या नोंदीवर ‘वादात’ असा शेरा येतो. बँक खाते किंवा यूपीआय आयडी विचारला तर जरूर भरा आणि अचूक भरा, भरपाई तिथेच येते.

सेवेचा हा भाग वापरायला सोपा आहे. पण रकाना निवडून आकडा भरण्याच्या या पद्धतीत पूर्ण हकीकत मांडता येत नाही. तीन गुण. म्हणूनच त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल गेला पाहिजे. प्रत्येक बँकेला आणि फायनान्स कंपनीला ब्युरोसंबंधी तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा लागतो. वर्धा रोडच्या किंवा किंग्जवेच्या शाखेतल्या माणसाला रिपोर्टमध्ये काही बदलता येत नाही, त्याच्यावर चिडून उपयोग नाही. पण अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख मात्र घ्या. मजकूर साधारण असा:

‘कर्ज खाते क्रमांक … दिनांक … रोजी पूर्ण फेडले असून नो ड्यूज पत्र सोबत जोडले आहे. … ब्युरोच्या दिनांक … च्या रिपोर्टमध्ये (क्रमांक …) हे खाते चालू असून थकीत रक्कम … रुपये दाखवली आहे. शिल्लक शून्य, थकीत शून्य, खाते बंद, बंद झाल्याची तारीख …, आणि त्या तारखेनंतरच्या महिन्यांचा उशीर रद्द, अशी दुरुस्त माहिती चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवावी आणि पाठवल्याची तारीख कळवावी. मागणी मान्य नसल्यास कारण लेखी द्यावे.’

‘चारही’ हा शब्द गाळू नका. ब्युरोकडची तक्रार त्या एका ब्युरोपुरती असते. आणि ‘बंद झाल्यानंतरचे महिने’ हे लिहिले नाही तर खाते बंद दाखवतात, पण खालच्या पट्टीतले उशिराचे आकडे तसेच राहतात. स्कोअरला खरा मार त्या आकड्यांचा असतो. नाकारण्याचे कारण सांगणे तर रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशाने त्यांच्यावर बंधनकारकच आहे.

तीस दिवसांचे घड्याळ

तक्रारीच्या दिवसापासून ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्याचे. त्याने २१ दिवसांत ब्युरोला दुरुस्त माहिती दिली नाही आणि तीस दिवस उलटले तर भरपाई त्याने द्यायची. त्याने वेळेत दिली आणि ब्युरोने रेंगाळवले तर ब्युरोने. दर दिवसाला १०० रुपये. १ जूनला तक्रार केली, मुदत १ जुलैला संपली आणि निकाल २१ जुलैला आला, तर २० दिवसांचे २,००० रुपये. निकालानंतर ५ कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात यायला हवी. ‘माझा स्कोअर कमी काढला’ या तक्रारीला ही भरपाई लागू नाही. तक्रार नोंदीबद्दलच हवी.

रक्कम मोठी नाही. पण तिच्यामुळे तक्रारीला तारीख चिकटली आणि कंपन्यांकडे ती मोजली जाऊ लागली, हा फरक मोठा आहे. म्हणून तक्रार क्रमांक आला की स्क्रीनशॉट काढून ठेवा. क्रमांक नसेल तर घड्याळ सुरू झाल्याचे तुम्हाला दाखवता येणार नाही. आमच्या दृष्टीने या सगळ्या सेवेतली ही सर्वात चांगली सुधारणा.

३० दिवसांत उत्तर नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. बँकांबरोबर ब्युरोही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आले आहेत. फी नाही, वकील लागत नाही. अर्ज घेऊन संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीत खेटे घालायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर तक्रार होते, अडले तर १४४४८ वर विचारा. मात्र आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, नाहीतर लोकपाल ती दारातूनच परत करतो.

‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणारे: शून्य

शहरात अशा जाहिराती खूप दिसतात. ही मंडळी करतात ते एवढेच: तुमचा ओटीपी घेऊन तुमच्या नावाने तीच मोफत तक्रार टाकतात. काही जण सगळ्या थकीत खात्यांवर सरसकट ‘हे माझे नाही’ असे टाकतात. कंपनी सहीचे कागद दाखवते, तक्रार फेटाळली जाते, आणि पुढे खऱ्या चुकीबद्दल लिहिले तरी तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. शिवाय पॅन, आधार, ईमेल, ओटीपी सगळे त्यांच्या हाती गेलेले असते. खरी नोंद कुणालाही पैसे घेऊन काढता येत नाही.

आणखी एक सल्ला ते हमखास देतात: ‘सेटलमेंट करून टाका.’ सेटलमेंटमध्ये कंपनी काही रक्कम सोडते आणि रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असे लिहिते. पुढची घरकर्जाची बँक त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडले नाही’ असाच लावते. आधीच सेटल झालेले असेल तर सोडलेली रक्कम भरून नो ड्यूज घ्यायचे आणि ‘क्लोज्ड’ अशी नोंद मागायची, हाच मार्ग. भरण्याआधी कंपनीकडून तसे लेखी घ्या.

पैसे खर्च करण्यासारखी वेळही येते. बनावट कर्जावरून वसुलीची नोटीस आली किंवा रिपोर्टवर ‘सूट फाइल्ड’, म्हणजे कोर्टात दावा दाखल, असे लागले, तर वकील करा आणि पक्क्या पावतीने फी द्या.

दुरुस्तीनंतर

१ जानेवारी २०२५ पासून कर्ज देणाऱ्यांना माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. खात्री करण्यासाठी वर्षाचे चारही मोफत रिपोर्ट एकाच दिवशी संपवू नका. चूक शोधायला एक-दोन काढा, बाकीचे दुरुस्ती पोचली का हे बघायला राखून ठेवा. वाहनकर्ज असेल तर त्याच फेरीत नो ड्यूज आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजाही उतरवा. रिपोर्ट सुधारला म्हणून तो उतरत नाही.

घरकर्जाची फाइल मध्येच अडली असेल तर बँकेकडे अजून जुनाच रिपोर्ट जोडलेला असतो. ब्युरोचे निकालाचे ईमेल आणि कर्ज देणाऱ्याचे पत्र दोन्ही जोडून, रिपोर्ट नव्याने काढा असे लेखी सांगा, आणि तो काढेपर्यंत दुसऱ्या बँकेत अर्ज टाकू नका.